कुंपण नसलेले पाते

माणसांच्या वर्दळीत उघडी फिरणारी जी यंत्रे आहेत, त्यांत विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, सर्वांत घातक म्हणावा लागेल. यंत्रमागाचा पट्टा, पिठाच्या गिरणीचे चाक, उसाचा चरक, लेथ या सगळ्यांच्या फिरत्या भागांवर जाळी किंवा झाकण बसवता येते, आणि भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ ने तशी सक्तीही केली. प्रोपेलरला जाळी बसवता येत नाही. समोरची हवा घेऊन मागे फेकणे हेच त्याचे काम आहे. त्याच्या वाटेत काही आडवे घातले की ते काम बिघडते, आणि माणसाला थोपवण्याइतकी मजबूत जाळी करायची तर तिचे वजन विमानाला परवडत नाही. त्यामुळे विमाने जिथे उभी राहतात त्या विमानतळाच्या अ‍ॅप्रनवर काम करणारा लोडर, तंत्रज्ञ, मार्शलर, इंधन भरणारा कामगार आणि फिरते पाते यांच्यामध्ये हाताला लागेल असे काहीच उभे नसते. तिथे असते ते ठरवून दिलेले अंतर आणि ठरवून दिलेला थांबण्याचा वेळ. हे अंतर आणि हा वेळ राखण्याची जबाबदारी कामगाराच्या सावधपणावर टाकण्याची पद्धत जगभर रूढ आहे. ती चुकीची आहे. हे कुंपण वेळापत्रकातून वेळ बाजूला काढून विमान कंपनीने आणि विमानतळाने उभे करायचे असते.

सावधपणा इथे का पुरत नाही, हे समजण्यासाठी आधी यंत्राकडे पाहावे लागते. भारतातल्या छोट्या शहरांना जोडणारी बरीचशी सेवा एटीआर ७२ या विमानावर चालते. प्रादेशिक विमानसेवेच्या उडान योजनेची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी झाली. त्यांत नांदेड–हैदराबाद हे उड्डाण होते आणि ते याच विमानाचे होते. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईहून उतरलेले पहिले प्रवासी विमानही एटीआरच. या विमानाच्या नव्या प्रकारांत प्रत्येक इंजिनावर सहा पात्यांचा, ३.९३ मीटर व्यासाचा प्रोपेलर असतो. पूर्ण गतीला तो मिनिटाला १२०० फेरे घेतो आणि तेव्हा पात्याचे टोक ताशी सुमारे ८९० किलोमीटर वेगाने जात असते. जमिनीवर उभ्या विमानात इंजिन मंद ठेवलेले असते, तेव्हा फेरे कमी होतात. ते मिनिटाला ८०० धरले तरी एका जागेवरून दर सेकंदाला ८० पाती जातात. दोन पात्यांमध्ये अंतर पडते ते साडेबारा मिलिसेकंदांचे. साध्या चालीने चालणारा माणूस तेवढ्या वेळात पावणेदोन सेंटिमीटर पुढे सरकतो. दोन पात्यांच्या फटीतून नशिबाने निसटून जाण्याची शक्यताच इथे उरत नाही. चूक लक्षात येऊन पाय मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, आणि तेवढ्यात सोळा पाती येऊन गेलेली असतात.

आता डोळ्यांचे. सेकंदाला साधारण पन्नास-साठ वेळांपेक्षा जास्त वेगाने बदलणारी गोष्ट माणसाच्या डोळ्याला सुटी दिसत नाही. त्यामुळे ८० पाती एका धूसर चकतीत विरघळतात. ढगाळ आकाशापुढे किंवा सिमेंटच्या करड्या फरशीपुढे ही चकतीही नाहीशी होते. रात्री फ्लडलाइटच्या उजेडात अडचण आणखी वाढते, कारण लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा आणि फेऱ्यांचा मेळ बसला तर फिरते पाते थांबल्यासारखे किंवा हळूहळू उलटे फिरत असल्यासारखे भासू शकते. याहून महत्त्वाची गोष्ट कोनाची आहे, आणि ती प्रशिक्षणात क्वचितच नीट समजावली जाते. प्रोपेलर समोरून पाहिला तर निदान वर्तुळ तरी दिसते. विमानाच्या कुशीकडून किंवा पंखाच्या टोकाकडून येणाऱ्या माणसाला मात्र तो बाजूने, म्हणजे जवळजवळ एका रेषेइतकाच दिसतो. पंखाच्या पुढच्या कडेने चालत जाणाऱ्याच्या वाटेत तो नेमका याच रूपात येतो. एटीआरमध्ये पात्याचे खालचे टोक साधारण कमरेच्या उंचीवरून जाते, त्यामुळे खाली पाहून चालणाऱ्याच्या नजरेत ते येतच नाही.

कानांची मदतही मिळत नाही. अ‍ॅप्रनवर कानाचे संरक्षक घालणे सक्तीचे असते आणि असायलाच हवे, नाहीतर काही वर्षांत ऐकू येणे कमी होते. पण या संरक्षकांमुळे शेजारचे इंजिन आणि पलीकडच्या बेवरचे, म्हणजे विमान थांबवण्याच्या जागेवरचे, इंजिन यांतला फरक पुसला जातो. आवाज कुठून येतो हे कळत नाही, फक्त आवाज आहे एवढेच कळते. वाऱ्याचा इशारा तर उलटाच मिळतो. प्रोपेलरच्या मागे उभ्या माणसाला झोत लागतो, टोपी उडते, धोका जाणवतो. पुढे उभ्या माणसाला, जिथून दोन पावलांवर मृत्यू असतो तिथे, मंद इंजिनाच्या वेळी फारसे काही जाणवत नाही. जेट इंजिन माणसाला ओढून घेते. जमिनीवर मंद फिरणाऱ्या प्रोपेलरमध्ये माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी चालत जातो. हा फरक लक्षात घेतला की 'काळजी घ्या' या सूचनेचा दुबळेपणा उघड होतो. जे दिसत नाही, ऐकू येत नाही आणि अंगाला जाणवत नाही, त्याची काळजी घ्यायची कशी?

राहते ती बुद्धी आणि शिकवण. समोर पंखा आहे, तो फिरतो आहे, हे माणसाला माहीत असते. माहीत असणे आणि त्या क्षणी ध्यानात असणे यांत किती अंतर असू शकते, हे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी विमानतळावर ३१ डिसेंबर २०२२ रोजी घडलेल्या अपघातातून दिसते. विमान एम्ब्राएर १७५ होते, म्हणजे जेट. पण घटनेची रचना प्रोपेलरच्या अपघाताला तंतोतंत लागू पडते. त्या विमानाचे सहायक वीज-इंजिन नादुरुस्त होते. म्हणून बाहेरची वीज जोडली जाईपर्यंत, आणि इंजिने थंड व्हायला लागणारी दोन मिनिटे जाईपर्यंत, इंजिने चालू राहणार होती. विमान येण्याआधी जमिनीवरच्या चमूला एकत्र बोलावून हे सांगितले गेले. बेवर विमान येण्याच्या थोडे आधी पुन्हा सांगितले गेले. इंजिने बंद होऊन फिरायची थांबेपर्यंत आणि लाल बीकन-दिवा विझेपर्यंत विमानाजवळ जायचे नाही, सुरक्षेचे शंकूसारखे कोनही ठेवायचे नाहीत, अशी सूचना होती. बीकन लागलेला होता. वैमानिकाने खिडकी उघडून इंजिने अजून चालू असल्याचे खाली एका कर्मचाऱ्याला सांगितलेही. नंतर मृत्युमुखी पडलेली कर्मचारी त्याआधी मागच्या झोताने पडता पडता वाचली होती, आणि एका सहकाऱ्याने तिला मागे राहण्याची खूण केली होती. तपासात पाहिलेल्या चित्रफितीत ती विमानाच्या मागच्या बाजूने येते, हातात नारिंगी कोन आहे, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेने चालते आणि थेट इंजिनासमोर येते.

तो कोन इथे लक्षात घेण्यासारखा आहे. पंखाच्या टोकापाशी आणि इंजिनासमोर कोन ठेवतात ते इतरांनी तिथे येऊ नये म्हणून. ती सुरक्षेचेच काम करत होती. विमान आले की कोन ठेवायचे, ही रोजची कामाची साखळी तिच्या पायांना पाठ होती. आज एक कडी वेगळी आहे ही सूचना मात्र फक्त शब्दांत दिलेली होती. आजवर शेकडो वेळा केलेली कृती आणि दहा मिनिटांपूर्वी ऐकलेले वाक्य यांची झुंज लागली की बहुतेक माणसांत कृती जिंकते. हा निष्काळजीपणा नव्हे, माणसाच्या मेंदूची कामाची रीतच अशी आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने नंतर तिला नेमणाऱ्या प्रादेशिक विमान कंपनीला १५,६२५ डॉलर दंडाची नोटीस काढली. एका माणसाच्या जिवासमोर ही रक्कम किती क्षुल्लक आहे हे वेगळे सांगायला नको. त्याहून खटकणारी गोष्ट ही की, सहायक वीज-इंजिन बिघडलेले विमान चालू इंजिनांसह बेवर आणणे हा सर्वमान्य व्यवहार म्हणून चालूच राहिला.

अनुभव कमी पडला, असे या प्रकरणात कोणी म्हणेल. पण मुंबई विमानतळावर १६ डिसेंबर २०१५ रोजी एअर इंडियाच्या ए-३१९ विमानाच्या इंजिनात ओढला गेलेला माणूस अनुभवी तंत्रज्ञ होता. विमान मागे ढकलण्याचे काम संपत आलेले होते, तो नाकाजवळ हेडसेट लावून उभा होता, आणि विमान पुढे निघाले तेव्हा तो अजून तिथेच होता. दुसऱ्या कोणाला तरी तो तिथे नाही असे वाटले होते. केदारनाथच्या हेलिपॅडवर २३ एप्रिल २०२३ रोजी हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याने ज्याचा जीव घेतला तो उत्तराखंडच्या नागरी विमान विकास प्राधिकरणाचा वरिष्ठ अधिकारी होता. कामगार, तंत्रज्ञ आणि अधिकारी अशा तिन्ही पायऱ्यांवर माणूस चुकत असेल तर दोष माणसांच्या निवडीत शोधून उपयोग नाही.

मग कुंपण कशाचे घालायचे? सर्वांत भरवशाचे कुंपण म्हणजे थांबलेला पंखा. ऐकायला हे उघड वाटते, पण विमानतळावर ते सहज घडत नाही. एटीआरचेच उदाहरण घ्यावे. या विमानात प्रवाशांचे दार डाव्या बाजूला मागे असते आणि सामानाचे मोठे दार डाव्या बाजूलाच पुढे, म्हणजे डाव्या प्रोपेलरच्या अलीकडे. लोडरची ट्रॉली, सामानाची उतरण, माणसांची ये-जा हे सगळे त्या प्रोपेलरपासून काही पावलांवर होते. प्रवासी मागच्या दाराने उतरतात, पण त्यांची वाट टर्मिनलच्या दिशेनुसार पंखाच्या टोकाला वळसा घालून जाऊ शकते. पुढे सामान, मागे माणसे आणि मध्ये प्रोपेलर अशी ही मांडणी असल्यामुळे डावे इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय एकही माणूस विमानाच्या डाव्या कुशीला जाता कामा नये.

या विमानाला मागे सहायक वीज-इंजिन नसते. त्याऐवजी बहुतेक एटीआर विमानांत उजव्या इंजिनाच्या प्रोपेलरला ब्रेक असतो. ब्रेक लावला की प्रोपेलर जागच्या जागी थांबतो, इंजिनाचा गाभा मात्र चालू राहतो आणि वीज व थंड हवा देतो. वैमानिक याला 'हॉटेल मोड' म्हणतात. ही सोय हुशारीची आहे. बाहेरच्या वीज-गाडीवाचून छोट्या विमानतळावर काम भागते. पण तिचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. हॉटेल मोडमध्ये इंजिनाचा कर्कश आवाज चालू असतानाच लोडर निर्धास्त काम करतात, आणि ते बरोबरही असते, कारण कोणताच पंखा फिरत नसतो. दिवसातून अनेकदा हे घडले की इंजिनाचा आवाज म्हणजे धोका ही कानाची शिकवण मोडून जाते. पुढे दुसऱ्या एखाद्या प्रकारचे विमान आले, किंवा ब्रेक नादुरुस्त असलेले एटीआर आले, तर तोच आवाज ऐकून माणूस तितकाच निर्धास्त पुढे जाईल. आवाजावरून काहीच ठरवायचे नाही, हा नियम म्हणूनच अशा विमानतळांवर सर्वांत आधी शिकवायला हवा.

मग कशावरून ठरवायचे? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार इंजिन चालू असलेल्या विमानाने ते दाखवणारा दिवा लावायचा असतो. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल बीकन तो हाच. बीकन लागलेला असेल तर जवळ जायचे नाही, इथवर सगळे एकमताने सांगतात. गडबड होते ती बीकन विझल्यावर. इंधन बंद केल्यावर प्रोपेलर लगेच थांबत नाही, काही काळ स्वतःच्या गतीने फिरत राहतो. बीकन वैमानिकाच्या हातातल्या बटणाने विझतो, पात्यांच्या थांबण्याशी त्याचा थेट संबंध नसतो. म्हणून विझलेला बीकन ही पहिली अट झाली. सर्व पाती एकेक करून मोजता येतील इतकी स्थिर झालेली डोळ्यांनी पाहणे ही दुसरी. आणि या दोन्ही पाहून मोकळीक देणारा एकच ठरलेला माणूस असणे ही तिसरी. यांतली तिसरी अट सर्वांत जास्त वेळा गळते. मोकळीक कोणी दिली असे विचारल्यावर 'सगळे निघाले म्हणून आम्हीही निघालो' असे उत्तर ज्या विमानतळावर मिळते, तिथे ती अट अस्तित्वातच नाही असे समजावे.

विमान बेवर येते तेव्हाचा क्रम नीट पाहिला तर घाई कुठे शिरते ते दिसते. मार्शलर हात वर करून विमान आत घेतो, थांबवतो. वैमानिक पार्किंग ब्रेक लावतो. नाकाच्या चाकाला पुढून-मागून चॉक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागतात. प्रोपेलर चालू असताना विमानाजवळ जाणे अपरिहार्य असेल तर एवढ्या कामासाठीच, एकाच माणसाने, नाकाच्या सरळ रेषेत समोरून येऊन त्याच रेषेत परत जायचे असते. मुख्य चाकांचे चॉक, सामानाचे दार, कोन, शिडी, इंधनाचा पाइप हे सगळे पंखे थांबल्यावर. थांबायला लागणारा वेळ एक-दोन मिनिटांचा. पण पुढच्या उड्डाणासाठी विमान अर्ध्या तासाच्या आत सुटायला हवे असे वेळापत्रक असेल, आणि उशिराचे कारण लिहिताना 'जमिनीवरील काम' असा शेरा चमूच्या नावावर पडणार असेल, तर ही एक-दोन मिनिटे सगळ्यांनाच वाया गेल्यासारखी वाटू लागतात. ट्रॉली दहा पावले आधीच आणून ठेवली जाते. मग आठ. मग ती जमिनीवरच्या लाल रेषेच्या आत उभी राहते. एकाही दिवशी कोणी नियम मोडायचे ठरवलेले नसते. वेळापत्रक छापतानाच पंखे थांबण्याचा वेळ त्यात वेगळा धरला असता तर ही ओढाताण निर्माणच झाली नसती.

थांबलेला पंखाही पूर्ण निर्धोक नसतो, आणि ही गोष्ट विशेषतः छोट्या विमानांच्या हँगरमध्ये ठाऊक असायला हवी. पिस्टन इंजिनाच्या विमानात ठिणगी मॅग्नेटोमधून येते. बॅटरी बंद असली तरी मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. त्याला निष्प्रभ करणारी तार तुटलेली किंवा सैल असेल, तर पाते हाताने थोडे फिरवल्याबरोबर इंजिन एखादा झटका घेऊ शकते. त्या एका झटक्यात हाताची बोटे जातात, कधी जीवही जातो. पूर्वी विमाने हातानेच सुरू करत. यांत्रिक आणि वैमानिक एकमेकांना मोठ्याने 'स्विच ऑफ', 'कॉन्टॅक्ट' असे म्हणून प्रत्येक पायरी पक्की करत, ते याच भीतीने. एटीआरसारख्या टर्बोप्रॉपमध्ये मॅग्नेटो नसतो, पण अनेक टर्बोप्रॉप इंजिनांत प्रोपेलर फिरवणारी टर्बाइन इंजिनाच्या गाभ्याशी यांत्रिक रीतीने जोडलेली नसते. त्यामुळे उभ्या विमानाचा प्रोपेलर नुसत्या वाऱ्यानेही फिरू शकतो. त्याला पट्ट्याने बांधून ठेवण्याची पद्धत यासाठीच आहे. पात्यांच्या वर्तुळातून कधीच चालायचे नाही, पंखा थांबलेला असो वा नसो, हा नियम जुनी माणसे आग्रहाने पाळतात. तो सोपा आहे आणि त्यात अपवाद नाही, म्हणूनच तो टिकतो. पाय एकदा वळसा घालून जायला शिकले की विसराळूपणाच्या दिवशीही ते वळसाच घालतात. माँटगोमेरीत जी सवय जीवघेणी ठरली, तीच अशा रीतीने माणसाच्या बाजूने उभी करता येते.

पंखा थांबवण्याच्या आग्रहाविरुद्ध घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप गरजेचा आहे. काही ठिकाणी इंजिन बंद करता येत नाही. हिमालयातल्या अतिउंच धावपट्टीवर विरळ हवेत इंजिन पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. युद्धक्षेत्रात थांबलेले विमान हे आयते लक्ष्य असते. विमानवाहू नौकेवर तर जागाच इतकी कमी की चालू इंजिनांची विमाने एकमेकांना खेटून उभी असतात. हा आक्षेप खरा आहे. पण अशा ठिकाणी काम कसे चालते तेही पाहायला हवे. सी-१३० सारख्या लष्करी मालवाहू विमानात इंजिने चालू ठेवून माल चढवतात तेव्हा माणसे मागच्या उतरणीच्या दारानेच, पंख्यांपासून दूर, सरळ रेषेत ये-जा करतात, आणि वाट दाखवायला लोडमास्टर उभा असतो. अमेरिकी विमानवाहू नौकांवर प्रत्येकाच्या सदऱ्याचा रंग त्याचे काम सांगतो. विमानाला वाट दाखवणारा पिवळ्या रंगात, चॉक आणि साखळ्या सांभाळणारा निळ्या, इंधनवाला जांभळ्या, आणि विमानाची जबाबदारी असलेला तपकिरी. नवख्या माणसाला डेकवर एकटे सोडत नाहीत. भारतीय नौदलालाही हा अनुभव आहे. जुन्या विक्रांतवरून उडणारी अलिझे विमाने नाकावर एकच मोठा प्रोपेलर असलेली टर्बोप्रॉप होती. गोव्याशी दीर्घकाळ जोडलेल्या नौदलाच्या ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती १९९१ पर्यंत वापरली. डेकवरच्या वाऱ्यात आणि हेलकाव्यात त्या प्रोपेलरभोवती काम करणाऱ्यांना जी शिस्त लागे, ती मिळवायला प्रत्येक माणसामागे दीर्घ प्रशिक्षण आणि प्रत्येक विमानामागे भरपूर मनुष्यबळ खर्ची पडे.

यातून निष्कर्ष निघतो तो आक्षेप घेणाऱ्यांच्या सोयीचा नाही. चालू पंख्याजवळ काम करणे शक्य आहे, पण त्याची किंमत पंखा थांबवण्याच्या किमतीपेक्षा किती तरी जास्त आहे. नौदल ती किंमत मोजते, कारण त्याच्यापुढे पर्याय नाही. नागरी विमान कंपनीपुढे पर्याय असतो. दोन मिनिटे आणि थोडे इंधन वाचवण्यासाठी इंजिन चालू ठेवायचे, आणि भोवती मात्र चार आठवड्यांपूर्वी भरती झालेला कंत्राटी लोडर उभा करायचा, हा हिशेब फक्त एका बाजूने मांडलेला असतो. सहायक वीज-इंजिन बिघडलेले असेल तर विमान बेच्या अलीकडे थांबवता येते, किंवा बाहेरची वीज जोडणारा एक प्रशिक्षित माणूस सोडून बाकी सगळ्या चमूला टर्मिनलच्या भिंतीमागे ठेवता येते. सूचना देण्यापेक्षा माणसे तिथे नसणे हा उपाय खात्रीचा आहे.

दुसरा मार्ग पाते डोळ्यांना दिसेल असे करण्याचा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्करी विमानांची पाती काळी आणि टोके पिवळी असत. फिरताना त्या टोकांचे पिवळे कडे दिसे. पुढे अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाच्या वैद्यकीय संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रंगांच्या निरनिराळ्या रचना तपासल्या. सगळ्या पात्यांवर सारखे पट्टे असण्यापेक्षा एका पात्यावर वेगळे आणि दुसऱ्यावर वेगळे असे काळे-पांढरे पट्टे फिरताना लुकलुकतात आणि जास्त लक्ष वेधतात, असे त्यांना आढळले. १९६५ ते १९७९ या काळातल्या तीनशेहून अधिक अपघातांचा अभ्यासही त्याच संस्थेने केला, आणि रंगासोबत प्रकाश, आवाज अशा इतर उपायांचीही छाननी केली. रंग लावावाच, त्याला खर्च नगण्य येतो. विमानाच्या कुशीवर प्रोपेलरच्या पातळीत ओढलेली लाल रेषाही उपयोगी असते. पण बाजूने येणाऱ्याला रेषेइतकाच दिसणारा पंखा कोणत्याही रंगाने ठळक होत नाही, आणि कोन हातात घेऊन मनातल्या क्रमाने चालणारा माणूस रंग पाहत नसतो. रंग हा पूरक उपाय आहे. तो लावला म्हणून थांबण्याचा वेळ कापता येणार नाही.

भारतातल्या छोट्या विमानतळांवर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मुंबईसारख्या ठिकाणी मार्शलर, लोडर, तंत्रज्ञ, इंधन कर्मचारी वेगळे असतात. दिवसाला दोन-चार विमाने येणाऱ्या ठिकाणी एवढी माणसे ठेवणे परवडत नाही. मग तोच मुलगा आधी तिकीट-खिडकीजवळ सामान वजन करतो, नंतर बाहेर येऊन चॉक लावतो, दार उघडतो, ट्रॉली ओढतो, प्रवाशांना रांगेने नेतो. त्याच्या डोक्यात एकाच वेळी पाच कामांचे क्रम फिरत असतात. त्याला नेमणारी कंपनी वेगळी, विमान कंपनी वेगळी, विमानतळ चालवणारी संस्था वेगळी. अशा ठिकाणी सुरक्षेच्या पुस्तिका तीन असतात आणि प्रत्यक्ष थांब म्हणणारा एकही नसतो. 'पंखा थांबलेला नाही, मी जाणार नाही' असे म्हणण्याचा त्याचा हक्क करारात लिहिलेला हवा. तो वापरला म्हणून दुसऱ्या दिवशी ड्युटी न मिळणे हा करारभंग ठरवला पाहिजे. तो विमानापुढे उभा असतो तेव्हा त्याच्या बाजूने तेवढाच एक कागद असतो.

थोडक्यात चुकलेल्या अपघातांची नोंद हा याच कामाचा भाग आहे. माँटगोमेरीत झोताने तोल जाणे ही मोठी खूण होती. पण ती पुढच्या क्षणी काम थांबवण्याचे कारण ठरली नाही. कुठल्याही अ‍ॅप्रनवर अशा खुणा रोज घडतात. पंखा फिरत असताना कोणी रेषेच्या आत येतो, ट्रॉली पात्याच्या पातळीत उभी राहते, उतरलेला प्रवासी फोनवर बोलत पंखाखालून जातो आणि कोणीतरी त्याला दंड धरून मागे ओढतो. त्या ओढणाऱ्याने संध्याकाळी ही गोष्ट लिहून दिली तर प्रवाशांच्या वाटेवर दोरी लावायची बुद्धी होते. लिहून दिल्यावर आधी त्यालाच जाब विचारला जाणार असेल तर तो लिहीत नाही, आणि दोरी लागत नाही.

हे सगळे नियम एका गृहीतावर उभे आहेत. इंजिन आवाज करते, गरम होते, सुरू व्हायला वेळ घेते, आणि पंखा फिरतो आहे म्हणजे इंजिन चालू आहे, हे ते गृहीत. विद्युत विमानांनी ते मोडले आहे. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने जून २०२० मध्ये पिपिस्ट्रेल कंपनीच्या वेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला प्रकार-प्रमाणपत्र दिले. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या विमानाला मिळालेले हे पहिलेच. विद्युत मोटरला मंद फिरत राहण्याची गरज नसते. मोटर वीजप्रवाहाला जोडलेली असूनही प्रोपेलर निश्चल उभा राहू शकतो आणि खटका थोडा पुढे सरकताच तो निमिषात पूर्ण वेगाने फिरू शकतो. सुरू होण्याची घरघर नाही, धूर नाही, उष्णता नाही. पाती मोजता येतील इतकी स्थिर दिसणे, ही वर सांगितलेली दुसरी अट, अशा विमानापुढे निरर्थक ठरते. शहरी वाहतुकीसाठी घडवली जात असलेली, अनेक छोट्या पंख्यांवर उभी उडणारी विमाने आली की ते पंखे अनेक दिशांना विखुरलेले असतील. त्यांच्यासाठी बॅटरी मोटरपासून यांत्रिक रीतीने तोडलेली आहे हे बाहेरून दिसणारे चिन्ह लागेल, आणि ते बीकनच्या बटणावर अवलंबून नसावे. मोटर जोडलेली आहे तोवर दिवा आपोआप लागलेला राहील आणि तो कोणालाही हाताने विझवता येणार नाही, अशी रचना विमानाच्या आराखड्यातच असायला हवी. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी ती आताच मागून घ्यावी, कारण एकदा विमाने शेकड्यांनी उडू लागली की अशी सुधारणा मागाहून करणे फार महाग पडते, आणि मधल्या काळात ती किंमत अ‍ॅप्रनवरची माणसे मोजतात.